पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी : मराठी वाचनातील शब्दाभिज्ञान आणि ध्वनी

१

एका महाविद्यालयाच्या मराठी विभागातर्फे निघालेल्या निमंत्रणपत्रिकेचे मुद्रित प्रस्तुत लेखकासह तिघा मराठीच्या अध्यापकांनी तपासले. तिघांनीही ते बिनचूक असल्याची स्वाक्षरी केली. पत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी सहज म्हणून ती संस्कृतच्या एका सहकाऱ्यांच्या हाती गेली आणि त्यांनी पहिल्याच ओळीवर बोट ठेवले. तेथे ठळक अक्षरांत ‘मराठी भाषा दीन’ असे जुळवलेले होते. विनोद सर्वांच्या लक्षात आला. परंतु विनोद ओसरल्यावर जो प्रश्न उरला तो विनोदाचा नव्हता. मराठीच्या तिघा अध्यापकांना जे दिसले नाही ते संस्कृतच्या अध्यापकांना एका दृष्टिक्षेपात कसे दिसले? आमची सावधगिरी कमी पडली, हे उत्तर सोपे आहे आणि अपुरेही आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे शब्द मराठीत उच्चारताना एकच होतात. शब्दान्ती आलेल्या अकारयुक्त व्यंजनातील ‘अ’ लोप पावतो आणि त्याच्या आधीचा इकार आपोआप लांबतो. संस्कृतच्या अध्यापकांच्या कानात मात्र हे दोन शब्द वेगळे वाजतात. आम्ही तिघे मुद्रित डोळ्यांनी पाहत होतो असे आम्हांस वाटत होते. प्रत्यक्षात आम्ही ते ऐकत होतो.

मुद्रितशोधनाच्या जुन्या पद्धतीकडे या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने मुद्रितावर नजर ठेवावी, ही खिळ्यांच्या छपाईच्या काळातील रीत होती. वाचणारा नुसते शब्द वाचत नसे. ‘पहिली वेलांटी’, ‘दुसरा उकार’, ‘पोटफोड्या ष’ असे तो मध्ये मध्ये सांगे. प्राथमिक शाळेतील शुद्धलेखनाच्या तासाला गुरुजीही हेच करीत व आजही करतात. ही नावे मोठी बोलकी आहेत. ‘पहिली’ व ‘दुसरी’ ही नावे बाराखडीतील क्रमावरून आलेली आहेत. ‘पोटफोड्या’ हे तर निव्वळ आकृतीचे वर्णन आहे. ‘ह्रस्व’ आणि ‘दीर्घ’ ही ध्वनिवाचक नावे शास्त्राने दिलेली असताना व्यवहाराने आकृतिवाचक आणि क्रमवाचक नावे घडविली, याचे कारण उघड आहे. ज्या ठिकाणी कान भेद सांगत नाही त्याच ठिकाणी भाषकांना डोळ्यांसाठी वेगळे नाव ठेवावे लागले. ‘क’ आणि ‘ख’ यांच्यासाठी अशा टोपणनावाची गरज कोणाला पडली नाही.

लिखित शब्द ओळखताना ध्वनीचे कार्य कोणते, हा मनोभाषाविज्ञानातील एक जुना वाद आहे. त्या वादाचा मराठीच्या संदर्भात विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा विचार मराठीच्या अभ्यासकाने आणि अध्यापकाने करणे मला अगत्याचे वाटते. उत्तरपत्रिकांतील ‘अशुद्धे’, कवितेचे मूक वाचन, बोलीभाषक विद्यार्थ्याचे अडखळते वाचन या आपल्या रोजच्या बाबींवर आपण जे निर्णय देतो, त्यांच्या मुळाशी वाचनाविषयीची काही एक न तपासलेली कल्पना असते.

२

आपल्या परंपरेत ध्वनीचे स्थान लेखनाच्या वर होते. पाणिनीय शिक्षेने अधम पाठकांच्या यादीत लिहिलेले पाहून पठण करणाराची गणना केलेली आहे. पाठाचे खरे अधिष्ठान कंठ. लिपी हा केवळ आधार, आणि तोही काहीसा कमीपणाचा. पाश्चात्त्य परंपरेतही मूक वाचन ही फार काळ सांगण्याजोगी गोष्ट होती. बिशप अँब्रोज ओठ न हलवता वाचीत असत याची नोंद संत ऑगस्टिनने आपल्या आत्मनिवेदनात मुद्दाम करून ठेवली आहे. मूक वाचन सार्वत्रिक झाल्यावर प्रश्नाचे रूप पालटले. ओठ थांबले, पण आतला आवाज थांबला काय? एडमंड ह्यूई याने १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या वाचनविषयक ग्रंथात या आंतरिक उच्चाराची सविस्तर चर्चा केली आणि वाचनात त्याचे अस्तित्व मान्य केले. भर्तृहरीने सांगितलेल्या ‘मध्यमा’ वाणीची येथे कोणास आठवण होईल. ती आठवण सुखद असली तरी दोहोंचे समीकरण मांडण्याची घाई करू नये. भर्तृहरीचा विचार बोलणाऱ्याच्या बुद्धीतील शब्दाविषयी आहे, पानावरील आकृतींविषयी नव्हे.

आंतरिक आवाज असतो एवढ्याने मूळ प्रश्न सुटत नाही. तो आवाज शब्द ओळखण्यापूर्वी येतो की नंतर, हा खरा प्रश्न आहे. आधी येत असेल तर ध्वनी हे अर्थाकडे जाण्याचे दार आहे. नंतर येत असेल तर तो केवळ पडसाद आहे. १९७१ साली रूबेनस्टाईन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचकांपुढे काही निरर्थक अक्षरगट ठेवले आणि ‘हा शब्द आहे की नाही’ एवढेच विचारले. जे गट उच्चाराने खऱ्या इंग्रजी शब्दासारखे होते त्यांना ‘नाही’ म्हणायला वाचकांस अधिक वेळ लागला. यावर आक्षेप असा आला की, हा विलंब शब्द नाकारण्यातला आहे. खरा शब्द ओळखताना ध्वनी लागतो हे त्यातून निष्पन्न होत नाही. मॅक्स कोल्टहार्ट यांच्या मांडणीने पुढे दोन वाटा मानल्या : एक, आकृतीवरून थेट मनातील शब्दकोशाकडे जाणारी, दुसरी, आकृतीचे ध्वनीत रूपांतर करून जाणारी. परिचित शब्द पहिल्या वाटेने जातो आणि अपरिचित शब्द दुसऱ्या, असा या मांडणीचा ढोबळ अर्थ सांगता येईल.

१९८७ साली गाय व्हॅन ऑर्डेन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या समजुतीला धक्का दिला. इंग्रजीत गुलाब या अर्थाचा आणि ओळी या अर्थाचा असे दोन शब्द उच्चाराने एकच, लेखनाने भिन्न आहेत. ‘फूल’ असा वर्ग आधी सांगून नंतर ‘ओळी’ या अर्थाचा शब्द दाखविला असता वाचक तो फुलाचे नाव म्हणून वारंवार स्वीकारीत. दिसायला तितकाच जवळचा, पण उच्चाराने वेगळा शब्द दाखविला तर ही चूक फार कमी होई. हे शब्द वाचकांना पूर्ण परिचित होते. परिचित शब्दाचाही अर्थ ठरण्याआधी त्याचा ध्वनी मनात उठलेला असतो, असे यावरून म्हणावे लागते. पोलॅत्सेक, रेनर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये याहून सूक्ष्म पुरावा दिला. वाचताना डोळा सरकत जात नाही, उड्या घेतो. एका जागी साधारण पाव सेकंद टेकतो आणि तेवढ्यात पुढच्या शब्दाचीही काही चाहूल घेतो. डोळा पुढच्या शब्दावर पोहोचण्यापूर्वी त्या जागी समोच्चारी शब्द ठेवला आणि उडी चालू असताना तो बदलून मूळ शब्द आणला, तर वाचन सुलभ होते. नुसता सदृश दिसणारा शब्द ठेवला तर तितके होत नाही. म्हणजे ज्या शब्दावर डोळा अद्याप टेकलेलाही नाही त्याचा ध्वनी मनाने आधीच उचललेला असतो.

याउलट बाजूचा पुरावाही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मेंदूला इजा झालेल्या काही रुग्णांना लिहिलेला शब्द उच्चारता येत नाही, निरर्थक अक्षरगट तर मुळीच वाचता येत नाही, तरीही ते त्या शब्दाच्या अर्थाजवळचा दुसराच शब्द बोलून जातात. मार्शल आणि न्यूकम यांनी १९७३ साली अशा वाचनदोषांचे वर्गीकरण केले. ध्वनीची वाट बंद असताना अर्थ काही प्रमाणात हाती लागतो, एवढे तरी त्यावरून मान्य करावे लागते.

३

हे सर्व मुख्यतः इंग्रजीविषयी झाले. इंग्रजीचे लेखन उच्चारापासून दूर गेलेले असल्यामुळे तेथे हा वाद इतका रंगला. मराठीत तो उद्भवतच नाही, असा आपल्याकडे समज आहे. ‘मराठी जशी बोलतो तशीच लिहितो आणि लिहितो तशीच वाचतो’ हे वाक्य आपण पदवीच्या पहिल्या वर्षापासून ऐकत आणि ऐकवीत आलो आहोत. कॅट्झ आणि फ्रॉस्ट यांनी १९९२ मध्ये विशद केलेल्या ‘लेखनाची खोली’ या कल्पनेनुसार, ज्या भाषेत अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध सरळ असतो तेथे वाचक ध्वनीची वाट अधिक चोखाळतो. त्यांच्या मोजपट्टीवर मराठी उथळ बाजूला पडेल हे खरे. परंतु ती जितकी उथळ आपण समजतो तितकी नाही. देवनागरीच्या मराठी उपयोगात काही गोष्टी लिहिल्याच जात नाहीत, आणि ज्या लिहिल्या जात नाहीत त्या शब्द ओळखल्यावाचून उच्चारता येत नाहीत.

पहिली गोष्ट अकाराच्या लोपाची. ‘गवत’ या शब्दात तीन अक्षरे आहेत; पैकी ‘व’मधील अकार उच्चारला जातो आणि ‘त’मधील गळतो. ‘गवताला’ म्हणताना ‘त’ला आकार मिळतो आणि ‘व’मधील अकार गळून ‘गव्ताला’ होते. ‘व’ची आकृती दोन्ही ठिकाणी तीच; तिचे ध्वनिमूल्य मात्र तिच्या पुढे काय येते यावर ठरले. ‘घरकाम’ या शब्दात सांधा कोठे आहे हे ठाऊक असलेला वाचक ‘घर्काम्’ असे म्हणेल. अपरिचित आडनाव किंवा गावाचे नाव समोर आले की सुशिक्षित वाचकही क्षणभर थांबतो. अक्षरे त्याला सर्व ठाऊक असतात. कोणता अकार ठेवावा आणि कोणता गाळावा हे ठाऊक नसते, आणि ते अक्षरांत कोठेही लिहिलेले नसते.

दुसरी गोष्ट ‘च, ज, झ’ या वर्णांची. यांचे तालव्य आणि दंततालव्य असे दोन उच्चार मराठीत आहेत, मोरो केशव दामल्यांपासून सर्व व्याकरणकारांनी त्यांची दखल घेतलेली आहे, आणि लिपी मात्र त्यांत भेद करीत नाही. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. ‘जरा’ म्हणजे वार्धक्य आणि ‘जरा’ म्हणजे थोडे. ‘जाई’ हे फूल आणि ‘जाई’ हे क्रियापद. ‘तो जात सांगत नाही’ आणि ‘तो जात नाही’ ही दोन वाक्ये घ्यावीत. ‘तो जात’ येथपर्यंत दोन्ही सारखी आहेत. मोठ्याने वाचणारा ‘जात’चा उच्चार करण्यापूर्वी त्याचा डोळा तिसऱ्या शब्दापर्यंत पोहोचलेला नसेल तर जीभ चुकण्याचा संभव असतो. येथे ध्वनीवरून अर्थ कळतो असे म्हणता येत नाही. अर्थावरून ध्वनी ठरतो.

या स्थितीला एक उद्बोधक समांतर उदाहरण युगोस्लाव्हियातील संशोधनात मिळते. सर्बो-क्रोएशियन भाषा रोमन आणि सिरिलिक अशा दोन लिप्यांत लिहिली जात असे व बहुतेक वाचकांना दोन्ही अवगत असत. काही आकृती दोन्ही लिप्यांत समान, पण ध्वनी भिन्न : एकच आकृती रोमनमध्ये ‘ब’ तर सिरिलिकमध्ये ‘व’, दुसरी एक रोमनमध्ये ‘प’ तर सिरिलिकमध्ये ‘र’. ‘वारा’ या अर्थाचा ‘वेतार’ हा शब्द सिरिलिकमध्ये लिहिला असता रोमनच्या दृष्टीने तो ‘बेताप’ असा निरर्थक गट होतो. फेल्डमन आणि टर्वी यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की, असा संदिग्ध लिहिलेला शब्द ओळखायला वाचकांना तोच शब्द असंदिग्ध लिपीत लिहिलेला असता लागतो त्याहून अधिक वेळ लागतो. शब्द तोच, अर्थ तोच, वाचकही तेच; विलंब झाला तो एका आकृतीमागे दोन ध्वनी उभे राहिल्यामुळे. ध्वनीचा वाचनाशी संबंध नसता तर हा विलंब होण्याचे कारण नव्हते.

मराठी-हिंदी द्विभाषिक वाचकाची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. त्याला लिपी एकच आहे, पण ‘ज्ञान’ हा शब्द एका पानावर ‘द्न्यान’ आणि दुसऱ्या पानावर ‘ग्यान’ असा वाजवायचा असतो. ‘शिक्षा’ या शब्दाचा तर अर्थही पालटतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याने संस्कृत उतारा वाचताना ‘राम’ या शब्दातील अन्त्य अकार राखायचा आणि पुढच्याच मराठी वाक्यात गाळायचा असतो. तो हे बहुधा सहज करतो. अक्षरांचे ध्वनीत होणारे रूपांतर यांत्रिक नसून ‘आपण कोणती भाषा वाचत आहोत’ या जाणिवेने आधीच नियंत्रित झालेले असते, याचे यापेक्षा साधे प्रमाण दुसरे कोणते देणार?

म्हणून मराठीपुरते असे म्हणावेसे वाटते की, ध्वनी आधी की शब्द आधी, हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे. अक्षरे पाहताच ध्वनीचा एक अर्धवट आराखडा मनात उठतो. व्यंजने आणि बहुतेक स्वर त्यात असतात. अकाराचे असणे-नसणे आणि ‘च-ज’चा पोत त्यात रिकामा असतो. या अपुऱ्या आराखड्याने शब्द हाताशी येतो, आणि हाताशी आलेला शब्द आराखड्यातील रिकाम्या जागा भरतो. दोन्ही क्रिया एकमेकींची वाट न पाहता चालतात.

४

आता पुन्हा ‘दिन’ आणि ‘दीन’ यांकडे वळू. मराठीतील इकार-उकारांचे दीर्घत्व बव्हंशी शब्दातील स्थानावरून ठरते. शब्दान्ती आले की ते दीर्घ उच्चारले जातात. अन्त्य अक्षर अकारान्त असेल तर उपान्त्य इकार-उकारही दीर्घ होतात. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी मराठी शब्दांपुरते हे उच्चारवास्तव स्वीकारले : ‘फूल’ पण ‘फुलाला’, ‘गरीब’ पण ‘गरिबाला’. तत्सम शब्दांचा उपान्त्य स्वर मात्र मूळाप्रमाणे ठेवला. त्यामुळे ‘खीर’ आणि ‘मंदिर’ यांचा शेवट कानाला एकच लागतो आणि लेखनात दोन होतो. परिणामी मराठीत समोच्चारी शब्दांचा एक लक्षणीय संच तयार झाला आहे : दिन आणि दीन, सुत आणि सूत, शिर आणि शीर, सलिल आणि सलील. व्हॅन ऑर्डेन यांच्या पद्धतीचा प्रयोग मराठीत करावयाचा तर साधने तयारच आहेत. ‘पिण्याचा पदार्थ’ असा वर्ग सांगून क्षणभर ‘पाणि’ दाखवावे, आणि दुसऱ्या गटास तितकाच सदृश पण उच्चाराने वेगळा ‘पाणा’ किंवा ‘पाळी’ दाखवावा.

परंतु समोच्चारी चुका सर्वच सारख्या निसटत नाहीत, आणि ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. दुकानांच्या पाट्यांवर ‘मंदीर’, ‘हार्दीक’ ही रूपे सर्रास आढळतात आणि शेकडो साक्षर डोळे त्यांवरून निर्वेध जातात. ‘विशय’ असे लिहिलेले घाईने वाचणाराच्या नजरेतून सुटू शकते. पण ‘ज्ञान’ऐवजी ‘द्न्यान’ लिहून पाहावे. उच्चार यथातथ्य आहे, किंबहुना अधिक प्रामाणिक आहे. तरीही डोळा तेथे ठेचकाळतो. ‘ऋषी’ऐवजी ‘रुशी’ लिहिले तरी तेच. यावरून असे दिसते की डोळ्याला शब्दाची ठेवण ठाऊक असते आणि ती मोडली की तो कानाचे ऐकत नाही. ठेवण फारशी न मोडता केवळ एक वेलांटी डावीकडून उजवीकडे गेली, तर मात्र कानाने दिलेली ग्वाही पुरेशी ठरते. मुद्रितशोधकाचे कौशल्य ‘अधिक लक्ष देणे’ यात नसून आतला आवाज काही काळ दाबून ठेवण्यात आहे. अनुभवी मुद्रितशोधक ओळ उलट्या क्रमाने वाचतात, शब्दांखाली पट्टी सरकवतात, त्यामागचे रहस्य हेच असावे.

जे केवळ डोळ्यांसाठीच लिहिले जाते त्याचे एक ठळक उदाहरण म्हणजे अनेकवचनी सामान्यरूपावरील अनुस्वार. ‘घरात’ आणि ‘घरांत’ या दोन रूपांचा उच्चार सामान्य बोलण्यात एकच असतो. वचनाचा भेद एका बिंदूत साठवलेला असतो. १९६२ च्या नियमांनी ‘नांव’, ‘कांहीं’ यांवरील अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, पण हा ठेवला, आणि तो योग्य ठेवला असे माझे मत आहे. उलट ‘घरं’, ‘केलं’ यांवरील शीर्षबिंदू अनुनासिकाचा नाहीच. अन्त्य अकार गाळू नये, थोडा लांबवावा, एवढेच तो सांगतो. एकच चिन्ह एके ठिकाणी न उच्चारता अर्थ सांगते आणि दुसऱ्या ठिकाणी आपला मूळ उच्चार सोडून वेगळाच स्वर राखते. ‘उच्चाराप्रमाणे लेखन’ असा आग्रह धरणाऱ्या सुधारकांनी लिहिणाऱ्याची सोय पाहिली. वाचणाराला डोळ्यांनीही काही हवे असते, हे त्यांच्या हिशेबात पुरेसे आले नाही. मोडीचे उदाहरण या संदर्भात पाहण्याजोगे आहे. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद सामान्यतः केला जात नसे, शब्दांमध्ये जागाही सोडली जात नसे; लिहिणाराचा हात त्यामुळे भरभर चाले. वाचणाराला मात्र ओळ पुटपुटतच सोडवावी लागे, आणि आजही दप्तरातील कागद वाचणाऱ्या अभ्यासकाचे ओठ हलताना दिसतात. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका आपण आनंदीबाईच्या नावावर सांगतो. तिची ऐतिहासिक सत्यता काहीही असो, आकृतीने केलेल्या घाताची लोकांना वाटणारी धास्ती तिच्यात उतरली आहे.

लिपीच्या मांडणीविषयी एक मुद्दा थोडक्यात नोंदवतो. पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे लिहिली जाते आणि उच्चारली जाते व्यंजनानंतर; रफारही पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि त्याच्या आधी वाजतो. डोळ्याचा क्रम आणि कानाचा क्रम येथे उलटे आहेत. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा वेलांटीचे शब्द उच्चारायला अधिक वेळ लागत असल्याचे आढळले. वाचक अक्षर एकसंध चित्र म्हणून पाहत असता तर हा फरक पडावयास नको होता. तो अक्षराच्या आत शिरून व्यंजन आणि स्वर वेगळे करतो, असे मानावे लागते.

५

साहित्याच्या अध्यापकाला याहून जवळचा प्रश्न पद्याचा आहे. मराठी गद्य वाचताना जो अकार आपण गाळतो तोच वृत्तबद्ध कविता वाचताना राखावा लागतो. गणवृत्तात ‘घर’ ही दोन लघू अक्षरे आहेत; ‘घर्’ असा उच्चार केला की मोजणीच कोसळते. मोरोपंतांची आर्या किंवा वामनपंडितांचा श्लोक मूकपणे, गद्याच्या आतल्या आवाजात वाचणाऱ्या विद्यार्थ्याला वृत्त ऐकूच येत नाही. मग तो लघु-गुरूच्या खुणा करून गण पाडतो, म्हणजे कानाने करावयाचे काम पेन्सिलीने करतो. माधव जूलियन यांच्या ‘छंदोरचने’तील विवेचन त्याला पाठ असते, पण ज्या उच्चाराविषयी ते विवेचन आहे तो त्याच्या वाचनात नसतो. दोष विद्यार्थ्याचा म्हणावा, तर वर्गात कविता मोठ्याने वाचण्याची प्रथा आपणच पदव्युत्तर पातळीवर बंद केली आहे. अभ्यासक्रम संपवण्याच्या धांदलीत संहितेचे वाचन हा वेळेचा अपव्यय ठरला.

तेच पान, तीच अक्षरे. वाचक पद्य समजून वाचू लागला की आतला ध्वनी बदलतो. आधुनिक कवितेत तर मुक्तछंदाची ओळ कोठे बोलीचा अकार गाळते आणि कोठे जुन्या छंदाच्या स्मरणाने तो राखते, हा निर्णय प्रत्येक वाचकाला करावा लागतो आणि त्या निर्णयावर लय अवलंबून असते. ‘केले’ असे छापलेले असताना संवादाच्या ओघात वाचक मनात ‘केलं’ वाचतो की नाही, हाही असाच प्रश्न. कादंबरीतील निवेदन आणि संवाद यांच्या लेखनात हा भेद जे लेखक जाणीवपूर्वक ठेवतात, ते वस्तुतः वाचकाच्या आतल्या आवाजाची पट्टी बदलत असतात.

६

शेवटी अशा वाचकांविषयी, ज्यांचा आतला आवाज प्रमाण मराठीचा नाही. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. अनेक बोलींत ‘ण’ आणि ‘न’ यांचा भेद उरत नाही. अशा घरातून आलेल्या विद्यार्थ्यासाठी मराठीतील समोच्चारी शब्दांचा संच आपल्यापेक्षा मोठा आहे. ‘काळा’ आणि ‘काया’, ‘कोण’ आणि ‘कोन’, ‘मण’ आणि ‘मन’ हे त्याच्यासाठी ‘दिन’ आणि ‘दीन’ यांच्यासारखे आहेत. ‘नळातला न’ आणि ‘बाणातला ण’ ही नावे त्याला शाळेत शिकवली गेली, कारण कानाने तो भेद त्याला मिळणार नव्हता. उत्तरपत्रिकेत तो ‘कोन’ लिहितो तेव्हा आपण त्याला ग्राम्य ठरवून गुण कापतो. प्रमाणभाषक विद्यार्थी ‘हार्दीक’ लिहितो तेव्हा ती नजरचूक म्हणून सोडून देतो, किंवा आपल्या लक्षातच येत नाही. दोन्ही चुका एकाच यंत्रणेतून निघालेल्या आहेत. एक आपल्याला दिसते, कारण तेथे आपला कान वेगळे सांगतो. दुसरी दिसत नाही, कारण तेथे आपला कानही तेच सांगतो. परीक्षकाचा कान हा येथे मापदंड झाला आहे आणि त्याची नोंद कोणत्याही गुणदान-सूचनेत नाही.

गोंडी, कोरकू किंवा भिली घरी बोलणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण आणखी निराळी आहे. अनेक मराठी शब्द त्याला आधी छापील भेटतात आणि मग ऐकू येतात, तर काही ऐकूच येत नाहीत. अक्षरे वाचून उठलेल्या आराखड्यातील रिकाम्या जागा भरायला त्याच्यापाशी बोललेला शब्द नसतो. ‘गवताला’ तो सर्व अकार राखून ‘ग-व-ता-ला’ असे वाचतो, आणि वर्ग हसतो. त्याने लिहिले होते तेच वाचले आहे. ‘लिहितो तसेच वाचतो’ हे आपले वाक्य खरोखर पाळणारा वर्गातील तो एकटाच विद्यार्थी असतो.

या दिशेने काम करण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दोनशे शब्दांचा एक सलग उतारा घ्यावा. त्यात काही चुका उच्चार न बदलणाऱ्या (‘मंदीर’, ‘विशय’, ‘मुलानी’) आणि तितक्याच चुका उच्चार बदलणाऱ्या, पण आकृतीने तेवढ्याच लहान अशा पेराव्यात. उतारा प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना चुका शोधण्यासाठी द्यावा. एकदा मुकाट्याने वाचून, एकदा मोठ्याने वाचून आणि एकदा कोणत्याही निरर्थक शब्दाचा सतत जप करीत वाचून. जपामुळे आतल्या आवाजाला अडथळा होतो, त्यामुळे कोणत्या चुका आता दिसू लागल्या आणि कोणत्या दिसेनाशा झाल्या याची तुलना करता येईल. वाचकाची घरची बोली प्रत्येक कागदावर नोंदवावी, आणि उतारा तयार करणाराने ‘ण’ व ‘ळ’ यांच्या चुका कोणत्या गटात घालावयाच्या हे स्वतःच्या कानावरून न ठरवता त्या वाचकाच्या बोलीवरून ठरवावे.